टेराफ्लॉप्सचा हिशेब
ग्राफिक्स कार्ड घ्यायला आलेली पोरं आधी मोबाइलवर टेराफ्लॉप्स दाखवतात. हा आकडा निव्वळ गुणाकाराचा: कोअर गुणिले क्लॉक स्पीड गुणिले दोन. दोन कशाला, तर गुणाकार आणि बेरीज एकाच फटक्यात होते म्हणून. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०७०चे कोअर ५८८८, वेग १.७२५ गिगाहर्ट्झ, आले २०.३ टेराफ्लॉप्स. जुन्या २०८० टीआयचे ४३५२, १.५४५, आले १३.४. कागदावर दीडपट, आणि बहुतेक गेममध्ये दोन्ही जवळपास बरोबरीत! कारण ३०७०च्या निम्म्या कोअरना पूर्णांकांची गणितंही करावी लागतात, तेवढा वेळ दशांशांचं काम थांबतं. शिवाय मेमरीतून सेकंदाला ४४८ गिगाबाइट येतात, जुन्यात ६१६. म्हणून मी आपला आधी मॉनिटर विचारतो. फोर-केवाल्याला जुन्याची ११ जीबी मेमरी दाखवतो. ३०७०त आठच आहे.