बाबेलचा बुरूज पाडला कुणी?

बाबेलच्या बुरुजाची गोष्ट मराठी माणसाला सांगितली की तो ‘गर्वाचं घर खाली’ म्हणून मोकळा होतो. युरोपातल्या जुन्या खोदचित्रांनीही तेच मनावर ठसवलं. कॉर्नेलिस अँथोनिझच्या १५४७ सालच्या चित्रात रोमच्या कोलोसियमसारखा गोल बुरूज वरून फुटून कोसळतोय. मार्टेन व्हान हेम्सकर्कच्या रेखाटनावरून फिलिप्स गालेनं १५६९ मध्ये तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या चित्रातही विध्वंसच आहे. अशा एका पत्र्यावरून शेकडो प्रती निघत, त्यामुळे अक्षरओळख नसलेल्यांपर्यंतही ही पडझड पोचली. पण बायबलमधल्या ‘उत्पत्ती’च्या अकराव्या अध्यायातली मूळ कथा जेमतेम नऊ वचनांची आहे आणि तिच्यात बुरूज पडतच नाही. देव भाषेचा घोटाळा करतो, माणसं पांगतात, बांधकाम अर्धवट राहतं. एवढंच.

चित्रकारांनी आरोपीही बदलला, आणि तो बदल मला जास्त महत्त्वाचा वाटतो. कथेत ना राजा आहे ना मुकादम. लोक आपापसांत ठरवतात की विटा भाजू या. पीटर ब्रुगेलच्या १५६३ च्या प्रसिद्ध रंगचित्रात मात्र राजा निम्रोद लवाजम्यासह येतो आणि पाथरवट त्याच्यापुढे गुडघे टेकतात. हे चित्रकारांनी पदरचं घातलेलं नाही, असा आक्षेप घेता येईल आणि तो रास्त आहे. निम्रोदाच्या राज्याची सुरुवात बाबेलपासून झाली असं आधीच्याच अध्यायात म्हटलंय. पहिल्या शतकातला इतिहासकार जोसेफस तर त्याला सूत्रधारच ठरवतो आणि वाऱ्यानं बुरूज पाडल्याची परंपराही नोंदवतो. तरी दोन कथांपैकी कोणती घ्यायची, हा निर्णय चित्रकाराचाच. भाषेचा गोंधळ चित्रात दाखवणार कसा, असंही कुणी विचारेल. गुस्ताव्ह डोरेनं १८६६ च्या सचित्र बायबलमध्ये तो दाखवला: मागे बुरूज शाबूत, पुढे गर्दीत दोन्ही हात आभाळाकडे उगारलेला एक माणूस. (विटांऐवजी दगडाचे ठोकळे त्यानंही काढलेच. भव्यतेचा मोह सुटत नाही.)

विटा मात्र गाळण्यासारख्या नाहीत. दगडाऐवजी वीट आणि चुन्याऐवजी डांबर वापरायचं तिसऱ्या वचनात ठरतं; नगर आणि बुरुजाची भाषा चौथ्यात येते. म्हणजे साधन आधी हाती आलं, हाव मागून आली. आपल्याकडेही असंच घडलं. भिवंडीलगतच्या दापोडे, काल्हेर, पूर्णा या गावांत भातखाचरांच्या जागी गोदामं उभी राहिली, ती काही कुणा निम्रोदाच्या हुकमानं नव्हे. मुंबई-नाशिक महामार्ग जवळ, आणि २०१७ पर्यंत लागू असलेल्या मुंबईच्या जकातीची हद्द या गावांच्या आधीच संपायची. एकानं शेड टाकली, शेजाऱ्यानं भाडं ऐकलं आणि आपलंही खाचर भरून घेतलं. आज तिथे रस्ता कोंडला, ओढ्याचं पाणी अडलं की लोक एखादा बिल्डर नाहीतर अधिकारी शोधतात, आणि पुष्कळदा तो दोषी असतोही. शेकडो सातबाऱ्यांवरून मिळालेल्या होकाराचं चित्र काढणं त्याहून अवघड. हेम्सकर्कलाही ते जमलं नव्हतं.