तेलाआडचा मेंदू

"केस धुतले का लेकराचे?" अंबाजोगाईतल्या ईईजीच्या, म्हणजे मेंदूच्या विद्युतलहरी नोंदवण्याच्या, खोलीत पहिला प्रश्न हाच आला. शेजारच्या आजी ओशाळल्या. नातवाला फिट येतात आणि आईबाप ऊसतोडीला कर्नाटकात, म्हणून सोबत मी. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे आजींनी त्याला रात्रभर जागवलं होतं, पण सकाळी सवयीनं डोक्याला तेल चोपडलं होतं. शाम्पूनं केस धुऊन आम्ही पुन्हा रांगेत बसलो.

तपासणी करणाऱ्या ताईंनी टेप घेतली. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत माप घेऊन त्याच्या दहा-वीस टक्क्यांवर पेन्सिलीच्या खुणा केल्या. एकेका खुणेवर केस बाजूला सारायचे, खरखरीत जेलनं कातडी घासायची, पेस्ट भरलेली वाटीसारखी चकती दाबायची. अशा २१ चकत्या.

"शॉक देतात का वं?"

"नाही आजी. हे यंत्र काही देत नाही, नुसतं ऐकतं."

ऐकायचं तरी किती बारीक! कातडीवर पोचतो तो विद्युतदाब ५० मायक्रोव्होल्टच्या आसपास, म्हणजे घड्याळातल्या दीड व्होल्टच्या सेलचा ३०,०००वा भाग. मध्ये तेल आलं की रेघा खराब होतात. पोरानं डोळे मिटले आणि डोक्यामागच्या चकत्यांच्या रेघांवर सेकंदाला दहाएक लाटा उठल्या. १९२४ साली माणसाच्या मेंदूची पहिली नोंद घेणाऱ्या हान्स बर्गर यांनी याच लाटांना अल्फा हे नाव दिलं.

हे न चिकटवता होत नाही का? होतं. १९६८ साली डेव्हिड कोहेन यांनी मेंदूचं चुंबकीय क्षेत्र टिपलं. त्याला कातडीला काही लावावं लागत नाही. पण ते पृथ्वीच्या क्षेत्राहून कोट्यवधी पटींनी क्षीण, म्हणून त्यासाठी चुंबकीय कवचाची खास खोली लागते. केसांवरून विद्युतभार टिपणारे सेन्सरही आहेत. मात्र मान जराशी हलली तरी अंतर बदलतं आणि तो धक्का मेंदूच्या लाटेला गिळून टाकतो.

फिट मात्र खोली बघून येत नाही. ती उसाच्या फडावर येते, ऊसतोड्यांच्या कोपीत, म्हणजे झोपडीत येते, आणि तिथं अजून कांदा हुंगवतात. "हुंगवू नका, तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा," ताई आजींना पुन्हा पुन्हा बजावत होत्या.

नवे सेन्सर घडवणाऱ्यांनी पहिली चाचणी अशा डोक्यावर घ्यावी, असं मला मनापासून वाटतं: दाट केसांच्या, घामेजलेल्या, चोपडून तेल लावलेल्या. तेलाआडून ज्या दिवशी ऐकू येईल, त्या दिवशी ही तपासणी कोपीपर्यंत पोचेल.