डिझेल मोटार सुरू का होत नाही?

गणपतीचे दिवस जवळ आले की रत्नागिरी परिसरातील गॅरेजांत एक तक्रार बरेचदा ऐकू येते. गाडी पावसाळाभर दारात उभी होती. आता सेल्फ मारून मारून थकलो, पण ती काही सुरू होत नाही. गाडी बहुधा जुनी, डिझेलची असते. १९९४ साली आलेली सुमो, १९९८ च्या अखेरीस आलेली इंडिका, किंवा त्याहूनही जुनी एखादी जीप. सुमो आणि इंडिका यांचे उत्पादन आता थांबले आहे, पण वाड्यावस्त्यांवर त्या अजून धावतात. रात्री-अपरात्री आजारी माणसाला तालुक्याच्या गावी न्यायचे, तर पुष्कळदा अशीच एखादी गाडी हाताशी असते.

अशा वेळी अंदाजाने सुटे भाग बदलण्याची घाई होते. आधी बॅटरी, मग फिल्टर, मग नोझल, शेवटी पंप. यातल्या एखाद्या बदलानंतर गाडी सुरू झाली, तरी मूळ दोष कोणता होता हे कळत नाही आणि पैसे मात्र खर्च होतात. खरे तर केवळ ऐकून, पाहून आणि एका साध्या व्होल्टमीटरच्या मदतीने दोषाची जागा बरीचशी निश्चित करता येते. ती कशी, हे आपण पाहू. येथील विवेचन यांत्रिक पंप असलेल्या जुन्या इंजिनांपुरते आहे. संगणकाने नियंत्रित होणाऱ्या नव्या इंजिनांना ते जसेच्या तसे लागू पडत नाही.

ठिणगीविना ज्वलन

पेट्रोल इंजिनात हवा आणि इंधन यांचे मिश्रण विजेच्या ठिणगीने पेटवले जाते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे यशस्वीपणे चालवून दाखवलेल्या इंजिनात हवा जोराने दाबून तापवली जाई आणि त्या तप्त हवेत इंधन सोडले जाई. आजही तत्त्व तेच आहे. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम होते, हे मुलांना ठाऊक असते. आग्नेय आशियातील लोक बांबूच्या किंवा शिंगाच्या नळीत दट्ट्या झटक्याने दाबून कापसासारखा पदार्थ पेटवीत; तेही याच तत्त्वावर.

ही हवा किती तापते? सिलिंडरातील हवा तिच्या मूळ आकारमानाच्या विसाव्या भागात दाबली जाते, असे धरू. उष्णता बाहेर अजिबात गेली नाही, तर हवेचे निरपेक्ष तापमान २० च्या ०.४ व्या घाताइतक्या, म्हणजे सुमारे ३.३ पटींनी वाढते. बाहेरची हवा २७ अंश सेल्सियस, म्हणजे ३०० केल्व्हिन असेल, तर दाबलेली हवा सुमारे ९९० केल्व्हिन, म्हणजेच ७२० अंश सेल्सियसपर्यंत जाईल. डिझेल साधारण अडीचशे अंशांच्या आसपास आपोआप पेट घेऊ शकते. मग अडचण कुठे येते?

अडचण अशी, की थंड इंजिनाच्या भिंती या हवेची उष्णता शोषून घेतात, आणि पिस्टनच्या कडेने थोडी हवा निसटतेही. शिवाय इंधनाला पेट घेण्यासाठी काही सहस्रांश सेकंदच मिळतात. इतक्या कमी वेळात ते पेटायचे, तर तापमान अडीचशेच्या बरेच वर असावे लागते.

यावरून इंजिनाच्या तीन गरजा स्पष्ट होतात. ते पुरेशा वेगाने फिरले पाहिजे, आतील हवा पुरेशी तापली पाहिजे, आणि योग्य क्षणी डिझेल फवारले गेले पाहिजे. तपासणीही याच क्रमाने करावी. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढून, मोकळ्या हवेत उभी असावी.

पहिला प्रश्न : इंजिन कसे फिरते?

प्रथम कान द्यावा. चावी फिरवल्यावर नुसता 'टक्' असा आवाज आला किंवा इंजिन कण्हत कण्हत फिरले, तर डिझेलच्या नळ्यांकडे वळण्याचे कारण नाही. दोष बॅटरी, तिची जोडणी किंवा सेल्फ यांत आहे.

हेडलाइट लावून सेल्फ मारावा. दिवे अगदी मालवले, तर बॅटरी उतरली आहे किंवा जोडणी सैल आहे. दिवे तसेच लख्ख राहिले आणि इंजिन हललेच नाही, तर वीज सेल्फपर्यंत पोचतच नाही. व्होल्टमीटर असल्यास अधिक नेमके सांगता येते. पूर्ण भारित बॅटरी स्वस्थ असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते, आणि सेल्फ मारतानाही ती साडेनऊ-दहा व्होल्टच्या खाली जाऊ नये.

कोकणच्या खाऱ्या, दमट हवेत बॅटरी चांगली असूनही फसगत होते. तिच्या टोकांवर पांढरट-हिरवट क्षार चढतात, आणि बॅटरीची ऋण तार जिथे गाडीच्या सांगाड्याला जोडलेली असते तिथे गंज येतो. ओहमचा नियम येथे उपयोगी पडतो. सेल्फला सुमारे २०० अँपिअर प्रवाह लागतो. गंजलेल्या सांध्याचा रोध केवळ एक शतांश ओहम असला, तरी त्या एका सांध्यावर २ व्होल्ट खर्ची पडतात आणि तेथे ४०० वॉट उष्णता निर्माण होते. सेल्फ मारल्यानंतर एखादा सांधा हाताला गरम लागला, तर दोष तिथेच आहे असे समजावे. सँडपेपरने सांधा घासून घट्ट करणे हा त्यावरचा उपाय.

हा प्रश्न आधी सोडवण्यास आणखी एक कारण आहे. इंजिन मिनिटाला २०० फेरे फिरत असेल, तर हवा दाबण्याचा एक टप्पा ०.१५ सेकंदात पूर्ण होतो. फेरे १०० वर आले, तर त्याच टप्प्याला ०.३ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात अधिक उष्णता भिंतींत जाते, अधिक हवा निसटते, आणि इंधन पेटत नाही. म्हणजे दुबळी बॅटरी खराब हीटरचे किंवा झिजलेल्या इंजिनाचे सोंग घेते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याशिवाय पुढच्या प्रश्नांची उत्तरे भरवशाची नसतात, ती यामुळे.

दुसरा प्रश्न : धूर येतो का?

इंजिन जोमाने फिरते आहे, तरी सुरू होत नाही. आता एकाने सेल्फ मारावा आणि दुसऱ्याने सायलेन्सरच्या तोंडाशी पाहावे.

धूर मुळीच येत नसेल, तर डिझेल सिलिंडरपर्यंत पोचत नाही. टाकीत डिझेल आहे ना, हे आधी पाहावे. बऱ्याच गाड्यांत पंपावर विजेची एक झडप असते. चावी फिरवताच ती उघडते व बारीक 'टिक्' ऐकू येते. हा आवाज नसल्यास तिची तार आणि फ्यूज तपासावा. ते ठीक असेल, तर संशय हवेवर जातो. यालाच मेकॅनिक 'गाडीने एअर धरली' असे म्हणतात.

नळीतील हवेचा एवढा त्रास का व्हावा? नोझल उघडण्यासाठी दीडशे वातावरणांच्या आसपास दाब लागतो. इतक्या दाबाखाली डिझेलचे आकारमान जेमतेम एक टक्का घटते, पण हवेचा बुडबुडा दीडशेव्या भागाएवढा होतो. पंपाचा सगळा जोर बुडबुडा दाबण्यात जातो आणि नोझल बंदच राहते.

ही हवा शिरते कुठून? टाकीपासून पंपापर्यंतची नळी डिझेल ओढत असते, त्यामुळे तिच्यातील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. तडकलेल्या रबरी नळीतून डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवा मात्र आत शिरते. गाडी महिनोन्महिने उभी राहिली, की नळीतील डिझेल हळूहळू टाकीत परत उतरते. म्हणून नळी बाहेरून कोरडी दिसली, तरी ती निर्दोष मानू नये.

यासाठी एक चांगली परीक्षा आहे. एका डब्यात स्वच्छ डिझेल घेऊन तो पंपाहून उंच धरावा आणि त्याची नळी थेट पंपाला जोडावी. पंपात आधीच शिरलेली हवा काढून टाकल्यावर गाडी सुरू झाली, तर पंप, नोझल आणि इंजिन ठीक आहेत. दोष टाकी, फिल्टर किंवा नळी यांत आहे. एका प्रयोगाने निम्मी गाडी संशयमुक्त होते. हवा काढताना फिल्टरवरचा स्क्रू सैल करून बुडबुडे थांबेपर्यंत हातपंप दाबावा. मात्र नोझलकडे जाणाऱ्या उच्च दाबाच्या नळ्यांजवळ हात किंवा चेहरा नेऊ नये. तेथील फवारा कातडी भेदून आत शिरू शकतो.

पावसाळ्यात पाण्याचाही संशय घ्यावा. अर्धवट रिकाम्या टाकीतील दमट हवेचे बाष्प रात्री थंड होऊन टाकीच्या भिंतींवर जमते. पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने ते तळाशी साचते, आणि दोन्हींच्या सीमेवर बुरशी व जीवाणू वाढून त्यांचा बुळबुळीत थर फिल्टर बंद करतो. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत घ्यावे व स्थिर ठेवावे. पाणी असल्यास दोन थर स्पष्ट दिसतात.

पांढरा धूर येत असेल, तर चित्र वेगळे होते. पांढरा धूर म्हणजे न जळलेल्या डिझेलचे सूक्ष्म थेंब. इंधन पोचते आहे, उष्णता कमी पडते आहे. अनेक जुन्या इंजिनांत इंधन आधी एका लहान कप्प्यात फवारले जाते. या कप्प्याच्या भिंतींत बरीच उष्णता जाते, म्हणून रत्नागिरीसारख्या उबदार ठिकाणीही त्यांना सुरुवातीला विजेच्या हीटरची मदत लागते. हीटरची तार सोडवून त्याचा रोध मोजावा. चांगल्या हीटरचा रोध एक ओहमच्या आसपास असतो. जळालेल्यातून प्रवाह जातच नाही. सगळेच हीटर थंड राहत असतील, तर त्यांचा रिले किंवा फ्यूज पाहावा. हीटर असलेल्या इंजिनात ईथरचा फवारा मारून गाडी सुरू करण्याचा प्रयत्न कधीही करू नये. आत स्फोट होऊ शकतो.

हीटर चांगले, फिरण्याचा वेग चांगला, तरीही पांढरा धूर येत असेल, तर मात्र पंपाचे टायमिंग आणि सिलिंडरातील दाब तपासण्यासाठी गाडी मेकॅनिककडे न्यावी. खर्चाचे काम सर्वांत शेवटी येते, ते असे.

पुरात बुडालेली गाडी

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण शहर पाण्याखाली गेले. अशा पुरात बुडालेल्या गाडीला वरचे काहीही लागू नाही. तिचा सेल्फ मारूच नये. सुमारे १४०० घनसेंटिमीटरच्या चार सिलिंडरच्या इंजिनात एका सिलिंडरच्या वाट्याला ३५० घनसेंटिमीटर येतात. पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा, आपण वर धरलेल्या प्रमाणाने, ३५० भागिले १९, म्हणजे साधारण १८ घनसेंटिमीटर. चार चहाचे चमचे पाणी आत असले, तरी ही जागा भरून जाते. पाणी जवळजवळ दबत नसल्याने पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी नोझल किंवा हीटर काढून पाणी बाहेर पडू द्यावे, तेल बदलावे, मगच पुढचा विचार करावा.

वर्गासाठी

बॉइलचा नियम, ओहमचा नियम, घनता आणि उष्णतेचे वहन हे धडे पुस्तकात वेगवेगळ्या पानांवर असतात. बंद पडलेल्या गाडीत ते एकत्र भेटतात. शिक्षकांनी वरील दोन प्रश्न फळ्यावर लिहावेत, एखाद्या काल्पनिक गाडीची लक्षणे सांगावीत आणि कमीत कमी परीक्षा करून दोष शोधण्यास मुलांना सांगावे. अट एकच असावी. प्रत्येक परीक्षेपूर्वी तिची संभाव्य उत्तरे आणि प्रत्येक उत्तराचा अर्थ वहीत लिहायचा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. प्रयोगशाळेतले काम याच शिस्तीने चालते. कुवारबावच्या किंवा मिरजोळ्याच्या एखाद्या जाणत्या मेकॅनिकला वर्गात बोलावले, तर तोही आपले काम याच रीतीने करतो, हे मुलांच्या ध्यानात येईल.