सशाचे जेवण आणि गाजराचा गैरसमज

घरी ससा आला की पहिल्याच दिवशी त्याच्यापुढे गाजर ठेवले जाते. चित्रांतून आपण तेच पाहत आलो आहोत, त्यामुळे ही चूक कोणाकडूनही होते. प्रत्यक्षात सशाचे जेवण म्हणजे वाळलेले गवत. गाजर हा त्याचा पेढा. कधीमधी एखादा तुकडा ठीक, पोट भरायला नव्हे.

सशाचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि गवत चघळूनच झिजतात. शिवाय त्याच्या उंडुकात (मोठ्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी) तंतू आंबवणारे जिवाणू असतात. साखर जास्त झाली की त्यांचे गणित बिघडते. म्हणून गवत चोवीस तास समोर हवे, जोडीला ताजे पाणी आणि मूठभर कोथिंबिरीसारखा पाला. लसूणघास आपल्याकडे सहज मिळतो, पण त्यात कॅल्शियम फार. तो वाढत्या पिल्लांपुरताच ठेवावा.

करमणुकीला महागडी खेळणी लागत नाहीत. पुठ्ठ्याच्या खोक्याला दोन मोठी भोके पाडून आत गवत कोंबले की स्वारी त्यातच रमते. सुरुवातीचे काही दिवस त्याला उचलू नये. आपणच जमिनीवर बसावे, तो येईल हुंगायला.

मात्र ससा 10-12 तास काहीच खात नसेल, तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्याकडे न्यावे.