डोळ्यांतून पाणी येते, तरीही डोळे कोरडे? कारणे आणि उपाय समजून घ्या

स्पर्धा परीक्षेसाठी अभ्यासिकेत दहा-बारा तास बसणारे विद्यार्थी, दिवसभर संगणकावर काम करणारे तरुण आणि रात्री उशिरापर्यंत मोबाईल पाहणारे अनेकजण सध्या एकच तक्रार करतात. डोळे चुरचुरतात, वाळू गेल्यासारखे खुपतात, संध्याकाळपर्यंत लाल आणि जड होतात. मग मेडिकलमधून कुठला तरी ड्रॉप आणून टाकला जातो. या त्रासामागे बऱ्याचदा डोळ्यांचा कोरडेपणा असतो. सवयी बदलून आणि साध्या उपचारांनी बहुतेकांना आराम मिळतो. चुकीचा ड्रॉप मात्र कायमचे नुकसान करू शकतो.

अश्रू म्हणजे फक्त पाणी नव्हे

डोळ्यावर अश्रूंचा एक पातळ थर कायम पसरलेला असतो. त्यात पाणी असते, ते बुबुळाला धरून ठेवणारा चिकट पदार्थ असतो आणि वरून तेलाचा पातळ थर असतो. हे तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या बारीक ग्रंथींतून येते आणि पाणी लवकर उडून जाऊ देत नाही. अश्रू कमी तयार झाले किंवा तेल कमी पडून ते लवकर सुकले, तर डोळा कोरडा पडतो.

अनेकांना प्रश्न पडतो की, 'माझ्या डोळ्यांतून तर सारखे पाणी येते, मग ते कोरडे कसे?' कोरड्या डोळ्याची आग होते, तेव्हा शरीर एकदम भरपूर पाणी सोडते. पण ते डोळ्यावर टिकत नाही, गालावर ओघळते. त्यामुळे पाणी येणे हेही कोरडेपणाचे लक्षण असू शकते.

कारणे कोणती?

एरवी आपण मिनिटाला साधारण १५ वेळा पापणी लववतो. स्क्रीनकडे एकटक पाहताना हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते, शिवाय पापणी अर्धवटच मिटते. त्यात तोंडावर येणारा पंखा किंवा एसी, चुलीचा धूर, सिगारेट, धूळ आणि उघड्या तोंडाने दुचाकी चालवणे यांची भर पडते.

कॉन्टॅक्ट लेन्स, सर्दी-अ‍ॅलर्जीच्या काही गोळ्या, मुरुमांवरचे काही औषध, मधुमेह, थायरॉईड आणि संधिवात यांमुळेही कोरडेपणा येतो. पाळी थांबल्यानंतर स्त्रियांना हा त्रास जास्त होतो. लहान मुलाला संध्याकाळी कमी दिसत असेल आणि डोळे कोरडे वाटत असतील, तर जीवनसत्त्व 'अ' ची कमतरता असू शकते. अशा मुलाला लगेच डॉक्टरांकडे न्या.

काय करावे?

• दर २० मिनिटांनी २० फूट लांब, २० सेकंद पाहा. त्या वेळी पापण्या पूर्ण मिटून उघडा.
• स्क्रीन डोळ्यांच्या पातळीपेक्षा थोडी खाली ठेवा. मान वर करून पाहिल्यास डोळा जास्त उघडा राहतो.
• पंख्याचा झोत थेट तोंडावर घेऊ नका. गाडीवर हेल्मेटची काच खाली ठेवा.
• स्वच्छ कापड कोमट पाण्यात पिळून मिटलेल्या पापण्यांवर पाच-दहा मिनिटे ठेवा. ग्रंथींतले घट्ट झालेले तेल मोकळे होते.
• कृत्रिम अश्रूंचे ड्रॉप डॉक्टरांना विचारून वापरा. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील, तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले ड्रॉप मागा. बाटली कधी उघडली ती तारीख लिहून ठेवा आणि लेबलवर दिलेल्या मुदतीनंतर ती टाकून द्या.

काय टाळावे?

मध, गुलाबपाणी, एरंडेल असे काहीही डोळ्यात घालू नका. त्याने जंतुसंसर्ग होऊ शकतो. त्याहून धोकादायक म्हणजे चिठ्ठीशिवाय घेतलेले स्टेरॉईडचे ड्रॉप. त्यांनी लाली झटपट जाते, म्हणून लोक ते महिनोन्महिने वापरतात. पण त्यामुळे डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही होतो. काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. शेजाऱ्याचा उरलेला ड्रॉप तर कधीच वापरू नये.

डॉक्टरांकडे कधी जावे?

दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, तर नेत्रतज्ज्ञांना दाखवा. जिल्हा रुग्णालयातही नेत्र विभाग असतो. खालच्या पापणीत कागदाची पट्टी पाच मिनिटे ठेवून अश्रू किती येतात, ते पाहता येते. खूप दुखणे, अचानक कमी दिसणे, उजेड सहन न होणे, पू येणे किंवा डोळ्याला मार लागणे यांपैकी काही असेल, तर त्याच दिवशी जा. तोंडही सतत कोरडे पडत असेल आणि सांधे दुखत असतील, तर तेही डॉक्टरांना सांगा.

कार्यकर्त्यांसाठी

जयंतीनिमित्त आपल्या वस्त्यांमध्ये नेत्रतपासणी शिबिरे होतात. तिथे बहुतेक वेळा चष्म्याचा नंबर आणि मोतीबिंदू एवढेच पाहिले जाते. यापुढे नोंदणीच्या टेबलावर तीन प्रश्न जरूर विचारा: डोळे चुरचुरतात का? सध्या कोणता ड्रॉप टाकता? तो कोणी दिला? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'मेडिकलवाल्याने' असे आले, तर ती बाटली घेऊन त्या व्यक्तीला आधी डॉक्टरांसमोर बसवा.