हेब्बाळची बदके आणि शिकारीचा ‘हंगाम’

थंडी सुरू झाली की बंगळुरूतल्या हेब्बाळच्या तलावाकाठी दुर्बिणी दिसू लागतात, आणि त्यांच्याबरोबर काही जुन्या समजुतीही ऐकू येतात.

गैरसमज : यंदा बदके भरपूर आहेत, म्हणजे शिकारीचे परवाने निघतील.

वस्तुस्थिती : परवाना कुणालाच मिळत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात सुरुवातीला तशी सोय होती. १९९१ च्या दुरुस्तीने ती गेली. बातम्यांत दिसणारे ‘हंगाम’ अमेरिका-कॅनडाचे. तिथे १९५५ पासून वसंतात विमानातून विणीच्या बदकांची मोजणी होते आणि त्यावरून शिकारीचे दिवस व मर्यादा ठरतात. शिकारीची हौस आपल्याकडेही कमी नव्हती. १२ नोव्हेंबर १९३८ रोजी भरतपूरला व्हाइसरॉय लिनलिथगोच्या मंडळींनी एका दिवसात ४,२७३ पक्षी पाडले होते.

गैरसमज : अंड्यांना हात लावला तर काय झाले, पक्षी तर मारला नाही!

वस्तुस्थिती : रानपक्ष्यांची अंडी फोडणे, घरटे विस्कटणे हीसुद्धा कायद्याच्या भाषेत शिकारच. पाळीव बदकांना हे लागू नाही.

गैरसमज : तलावातली सगळी बदके सैबेरियाची पाहुणी.

वस्तुस्थिती : थापट्या, तलवार बदक, भुवई बदक हे खरेच हिवाळी पाहुणे. त्यांची वीण उत्तरेकडे दूर होते. म्हणून इथला थवा मोठा दिसला तरी त्यावरून हेब्बाळच्या विणीबद्दल काहीच कळत नाही. हळदी-कुंकू बदक मात्र घरचे. दक्षिणेत त्याची वीण मुख्यतः नोव्हेंबर-डिसेंबरात. मादी काठच्या गवतात जमिनीवरच घरटे करते आणि सहा ते बारा अंडी घालते. आपण ‘सुशोभीकरण’ म्हणून कापतो ते नेमके हेच गवत. आणखी एक : हे बदक बुडी न मारता, शेपूट वर करून उथळ पाण्यात चरते. तलाव सगळीकडे खोल खणला की पाणी वाढते, त्याची चरण्याची जागा घटते. बंगळुरू वसवणाऱ्या केंपेगौडांच्या काळी, १५३७ च्या सुमारास, बांध घालून हा तलाव केला. त्याचा काठ कसा राखायचा, हेही माणसांच्याच हाती आहे.



डिसेंबरात फिरायला गेलात तर कुत्र्याला साखळी लावा, ब्रेड टाकू नका, आणि काठावर गवत कापणारे दिसले तर पिल्ले बाहेर पडेपर्यंत थांबायला सांगा.