पावातला ४७१ आणि दुधाशिवायचा आहार

गेल्या वर्षी लालबागहून एक कॉलेजात जाणारी मुलगी आईबरोबर माझ्या दादरच्या दवाखान्यात आली. तीन वर्षांपासून तिने मासेमटणच नव्हे, तर दूध, दही, तूपही सोडले होते. यालाच हल्ली ‘व्हीगन’ आहार म्हणतात. हातात ब्रेडचे वेष्टन होते. ‘‘डॉक्टर, यातला इमल्सिफायर ४७१ मला चालेल का?’’

प्रश्न रास्त होता. ४७१ म्हणजे मोनो व डायग्लिसराइड्स. पाव मऊ राहावा, आइस्क्रीममधले पाणी आणि स्निग्धांश वेगळे होऊ नयेत, म्हणून ते घालतात. ते पाम किंवा सोयाबीनच्या तेलापासून बनते, तसेच प्राण्यांच्या चरबीपासूनही. नुसत्या आकड्यावरून मूळ कळत नाही.

आपल्याकडे चरबीपासून केलेला घटक असेल तर हिरवा ठिपका देता येत नाही. तेव्हा हिरव्या ठिपक्याच्या ब्रेडमधले ४७१ शाकाहारी समजावे. मात्र दूध, मध आणि किड्यापासून मिळणारी लाख या ठिपक्याला चालतात. म्हणून व्हीगन मंडळींनी घटकांची यादीही वाचावी, किंवा २०२२ च्या नियमांनुसार दिले जाणारे वेगळे व्हीगन चिन्ह पाहावे. सुट्या लादीपावाबद्दल बेकरीवाल्यालाच विचारावे.

मला काळजी वाटली ती वेगळीच. मी विचारले, ‘‘बाळ, हातापायांना मुंग्या येतात का?’’ आईच म्हणाली, ‘‘येतात ना! चाळीचा जिना चढतानाही दमते.’’ रक्त तपासले. बी-१२ फारच कमी निघाले.

हे जीवनसत्त्व धान्य, डाळी, भाज्यांतून भरवशाने मिळत नाही. यकृतातला साठा बराच काळ पुरतो, म्हणून उणीव उशिरा कळते. दुर्लक्ष झाल्यास मज्जातंतूंना कायमची इजा होऊ शकते. तिला इंजेक्शने दिली, मग गोळी सुरू केली. कॅप्सूलचे आवरण बहुधा जिलेटिनचे, म्हणजे प्राणिजन्य असते. काही गोळ्यांत दुधातली साखरही असते. तेही केमिस्टला विचारून घ्यावे.

वाचकहो, दूध सोडायचे तर जरूर सोडा. कॅल्शियमसाठी नाचणीची भाकरी, तिळाची चटणी आपल्या घरात आहेच. पण बी-१२ ची तपासणी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळी, एवढे मात्र चुकवू नका.